भांडं दारात ठेवा

सकाळी सातला सरांच्या मोठ्या मुलाचा फोन आला. सरांना काल संध्याकाळी रक्ताची उलटी झाली होती. लातूरला दवाखान्यात आणलं, दुर्बीण घालून रक्त थांबवलं, तरी बीपी काही वर येईना. डॉक्टर परत परत विचारत होते, कुठल्या गोळ्या घेता, कुठलं औषध चालू आहे, आणि सरांचं एकच उत्तर होतं: काही नाही. "मॅडम, तुमचं ऐकतात ते. तुम्ही या," मुलगा म्हणाला.

माझं ऐकतात ही त्याची गैरसमजूत होती. नायगाव तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी पाच वर्षं सरांच्या हाताखाली काढली. त्या पाच वर्षांत त्यांनी माझं एकदाच ऐकलं, मी पावसाळ्यात छत्री न्या म्हणाले तेव्हा. तीही कुणाच्या तरी गोठ्यात विसरून आले. पण उदगीरच्या स्टँडवर लातूरची गाडी उभी होती. मी चढले, खिडकीशी बसले आणि तिथपासून एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. 'काही नाही' या दोन शब्दांवर ज्या माणसानं उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही, तोच आज ते दोन शब्द धरून बसला होता. खोटं बोलत होता हे मला फोनवरच कळलं. का बोलत होता ते कळत नव्हतं.

सर म्हणायचे, "जनावर बोलत न्हाई म्हणून आपलं काम अवघड न्हाई. मालक बोलतो म्हणून अवघड हाय."

मी पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार बांधलेली होती आणि तिच्यावर लग्नपत्रिका लटकत होत्या. गणपतीवाल्या, सोनेरी काठाच्या, सगळ्या तारखेप्रमाणे लावलेल्या. मला वाटलं, माणूस मोठा गोतावळ्याचा दिसतो. शेजारी सरकारी कॅलेंडर होतं, त्यावर पेन्सिलीनं काही तारखांना गोल केलेले. त्या गावोगावच्या तेराव्याच्या तारखा होत्या. सर म्हणाले, "हे आपलं टाइमटेबल."

थट्टा नव्हती ती. लग्न किंवा तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी त्या गावातून एक तरी जनावर आडवं झाल्याचा निरोप येणारच. अन्न उरतं. उकिरड्यावर टाकलं तर पाप, गाईच्या मुखात पडलं तर पुण्य. मग भात, पोळ्या, बुंदी, शिरा, जे हाताला लागेल ते घमेल्यानं गोठ्यात जातं. सर शेतकऱ्यांना समजावून सांगायचे की गाईचं पहिलं पोट म्हणजे चूल न्हाई, आंबवायचं मडकं हाय. त्यात कडबा सावकाश आंबतो आणि गाय जगते. तिथं घमेलंभर भात गेला की तो अर्ध्या दिवसात आंबून ताकासारखा आंबट होतो, पोट काम बंद करतं, रवंथ थांबतो, डोळे खोल जातात. वेळेत कळलं तर ठीक, नाहीतर दीड-दोन दिवसांत कारभार आटोपतो. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा घमेलं भरायचे.

म्हणून सर लग्नांना जात. जेवत मात्र कधीच नसत. मांडवामागे उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग पडतो तिथं जाऊन उभे राहत. उंच, वाळलेले, मान पुढे काढलेली, चष्म्याला मागून दोरी. अक्षता पडायच्या आधी यजमानाला गाठून मांडवामागे खड्डा खणायला लावत आणि उरलेलं सगळं त्यात गेलेलं बघूनच निघत. काही यजमानांना हा अपमान वाटायचा. एकानं तर त्यांना, उष्ट्याची राखण करायला तुम्हाला सरकार पगार देतं का, असं भर मांडवात विचारलं होतं. सरांनी शांतपणे होय म्हणून सांगितलं. पुढं पुढं गावातली पोरंसुद्धा त्यांची मोटरसायकल दिसली की "डाक्टरसाब आले, खड्डा खणा" म्हणून हसायची. हसली तरी खड्डा खणायची, सरांना तेवढं पुरे होतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी रुमालात गुंडाळलेली एक बोटाएवढी जाड, टोकदार नळी असायची. जनावराचं पोट फुगून श्वास कोंडला की ती कुशीत खुपसून वायू काढतात. एका लग्नात नवरदेवाला आहेर करायला वाकले आणि ती नळी खणकन पाटावर पडली. नवरदेव पाट सोडून उठला. सरांनी नळी उचलली, पुसली आणि म्हणाले की घाबरू नका, ही तुमच्यासाठी न्हाई.

ती नळी जवळ का, तर 'समजा' म्हणून. त्यांचं निम्मं बोलणं या शब्दानं सुरू व्हायचं. समजा रस्त्यात म्हैस फुगली. समजा नदीला पाणी आलं. समजा खायचा सोडा संपला. ही धास्ती संसर्गजन्य होती. पहिल्या वर्षभरातच मलाही सोड्याचे डबे मोजल्याशिवाय दवाखान्याला कुलूप लावता येईना. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर सर जेवतच नसत. उपास नव्हे, निव्वळ फिकीर. गावोगाव फिरून देवळाच्या भोंग्यावरून सांगायला लावायचे, बैलाला घास द्या, जेवण देऊ नका. आणि संध्याकाळी घरी येऊन पोट धरून बसायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांना ताक द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "पोळा बैलाचा आसतो, पोट ह्यांचं दुखतं."

जनावर तपासायची त्यांची तऱ्हा बघायला लोक जमत. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ रुतवायची, घड्याळ समोर धरायचं आणि पाच मिनिटं पोटाची हालचाल मोजायची. निरोगी पोट पाच मिनिटांत सात-आठ वेळा मुठीला ढकलतं. एवढ्या वेळात कुणी बोललं, खोकलं, की पुन्हा पहिल्यापासून. एका पुढाऱ्याच्या म्हशीला तीन वेळा पहिल्यापासून मोजलं, कारण त्याचा मोबाइल गप्प बसेना.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती, आणि ती माझ्या आयुष्यात फार मोठ्या कामाला आली. काय खाल्लं म्हणून विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, काही न्हाई डाक्टरसाब, नुस्ता कडबा. कुणीतरी मायेनं नाहीतर पुण्यासाठी घातलेलं असतं, आणि जनावर मेलं तर खापर त्याच्या डोक्यावर फुटणार असतं. मग घर एक होऊन गप्प बसतं. सरांना मात्र किती घातलं ते कळणं गरजेचं असायचं. ओंजळभर असेल तर सोडा पाजून भागतं, घमेलंभर असेल तर पोट चिरून रिकामं करावं लागतं. म्हणून ते सगळ्यांना गोठ्याबाहेर काढायचे, दाराकडे पाठ करून बसायचे, कान जनावराच्या कुशीला लावायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "ज्या भांड्यातून घातलं ते भांडं दारात ठेवा आन् जावा. म्या बघत न्हाई."

थोड्या वेळानं दारात काहीतरी येऊन पडायचं. टोपलं, बादली, कधी पूजेचं ताटसुद्धा. सर ते उचलून हातानं अंदाज घ्यायचे, वास घ्यायचे आणि कामाला लागायचे. कुणाचं भांडं ते कधीही विचारायचे नाहीत. कुणी आपण होऊन सांगू लागलं तर हात वर करून थांबवायचे.

मी एकदा न राहवून विचारलं की कुणी घातलं ते कळलं तर पुढच्या वेळी त्याला समजावता येईल ना. त्यांनी गाडी पुसायचं फडकं पिळलं. मग म्हणाले, "आमच्या घरी एकदा इचारलं व्हतं. पोळ्याला. चार लोकांत, माझ्या बापानं. त्याच्यानंतर माझ्या मायनं बैलाला कधी घास दिला न्हाई. पोळ्याला मागच्या खोलीत जाऊन बसायची." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका अर्थातच तारेवर लागली. सर मात्र येणार नव्हते. "तुझ्या घरी कशाला येऊ? तू हायस की तिथं," म्हणाले. ते वाक्य मला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

आमचं गाव उदगीरजवळ. दारात देवणी जातीची एक गाय होती, आईनं वासरापासून हातावर वाढवलेली, सात महिन्यांची गाभण. वडील गेल्यावर आई जेवढी माझ्याशी बोलली नसेल तेवढी त्या गाईशी बोलायची. लग्नाच्या दिवशी मी सरांसारखा खड्डा खणून घेतला, उष्टं पुरून टाकलं आणि करवलीच्या थाटात मिरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय कडब्याला तोंड लावेना. मी आईला विचारलं, काय खाल्लं हिनं. आई म्हणाली, काही न्हाई गं, नैवेद्याची एक पोळी दिली. मी थोडा सोडा पाजला आणि पाहुण्यांचा चहा बघायला गेले. दुसऱ्या कुणाची आई असती तर मी भांडं मागितलं असतं. माझी होती म्हणून विश्वास ठेवला.

दुपार व्हायच्या आत गाय बसली. दात खाऊ लागली, शेण पातळ आणि आंबट, डोळे आत गेलेले. अंगणात बसलेल्या आत्या हळू आवाजात बोलत होत्या, पण ऐकू यावं इतपतच हळू. काल सून घरात आली, आज लक्ष्मी आडवी पडली, पायगुण म्हणतात तो ह्योच. नवी वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. मी सरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "समजा ती पोळी एक नसली तर?" आणि फोन ठेवला. मुखेडवरून मोटरसायकल हाणत तीन वाजेपर्यंत ते आमच्या दारात होते.

त्यांनी सगळ्यांना घरात घालवलं. गोठ्यात ते आणि मी. ते गाईशेजारी बसले, कुशीला कान लावला आणि मला म्हणाले, "तू बी फीर." मी माझ्याच घराच्या दाराकडे पाठ करून बसले. मग त्यांनी नेहमीचं वाक्य मोठ्यानं म्हटलं.

गाय दात खात होती, त्याशिवाय आवाज नव्हता. थोड्या वेळानं जड पावलं आली. ती पावलं मी जन्मापासून ऐकत आले होते. दारात काहीतरी टेकलं आणि पावलं परत गेली. सरांनी वळून पाहिलं. आईची देवाची वाटी होती. सर परत भिंतीकडे फिरले आणि घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे भांडं न्हाई. ह्या पोटाला हे जमत न्हाई."

नंतरचा वेळ किती गेला मला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, मला ती संपेनात. गाईनं मान वळवून पोटाकडे टाकली आणि मला वाटलं, गेली. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. कोपरापर्यंत भरलेला नवा चुडा होता तो, दुसऱ्या हातानं दाबून धरला तरी वाजतच होता. आणि त्याच क्षणी सर खोकायला लागले. त्यांना खोकला नव्हता. तरी ते घसा फाटेपर्यंत खोकले, मागं लोखंड टेकल्याचा आवाज होऊन पावलं पार घरात जाईपर्यंत खोकले. पोटाला कान लावलेला असताना दुसऱ्यानं खोकलं तर पहिल्यापासून मोजणारा माणूस तो.

दारात घमेलं होतं. काठाला पिवळा भात चिकटलेला. "पोट उघडावं लागंल," सर म्हणाले.

उजेड असेपर्यंत आम्ही काम केलं. सरांनी डावी कूस भुलवून चिरली आणि मी खांद्यापर्यंत हात घालून आंबलेला भात उपसत राहिले. पोट धुतलं. शेजाऱ्यांच्या बैलाच्या तोंडातला रवंथ बोटं घालून हिसकून आणला आणि विरजण लावावं तसा तिच्या पोटात सोडला. टाके घालून झाल्यावर हात धुताना मी विचारलं, सर, तुम्हाला ऐकू आलं ना.

"माझा कान पोटाला व्हता," ते म्हणाले. "तुझा कुठं व्हता?"

तिसऱ्या दिवशी सकाळी गाय रवंथ करू लागली. आई तिच्या गळ्यात पडून रडली, मग उठून वहिनीला बोलावलं आणि कडब्याची पेंढी तिच्या हातात दिली, घाल म्हणाली. आत्या बघत होत्या. पायगुणाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. वहिनीनं मला खरं सांगितलं ते तिचं पहिलं बाळ झाल्यावर. परक्या घरात पहिली संध्याकाळ, कुणी ओळखीचं नाही, गाईनं हात चाटला, तिला माहेरची आठवण आली आणि ती घमेलं रिकामं होईपर्यंत घालत राहिली. आईनं ते खिडकीतून बघितलं होतं.

लातूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. सरांच्या खोलीबाहेर एका तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. रक्त थांबलंय, पण बीपी उभं राहत नाही म्हणाला. त्याला एक संशय होता. बाजारात कंबरेच्या, गुडघ्याच्या दुखण्यावर पुड्या मिळतात, काहींत स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. त्यानं दुखणं पळतं, पोटाला भोकं पडतात, आणि रोज घेणाऱ्याची पुडी एकदम बंद झाली की बीपी असंच कोसळतं. तसं असेल तर त्यावर इंजेक्शन होतं. पण पोटात जखम ताजी, अंदाजानं देणं जिवावर येत होतं. "मला फक्त नक्की कळायला हवं," तो म्हणाला. "आणि दुपारपर्यंत थांबायला वेळ नाही."

आत सर गादीत बुडालेले होते, तोंड पांढरंफटक. दोन्ही मुलं पलंगाच्या दोन बाजूंना उभी होती आणि मोठा काकूंना विचारत होता, "आई, तू तरी सांग. कोण काय आणून देत होतं ह्यांना? कोणी दिलं?" काकू भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मला बघून त्या पटकन उठल्या. गेल्या दिवाळीपर्यंत या बाईंना उठताना भिंत धरावी लागायची. गुडघे पार बरे झाले, ह्यांची कंबरही मोकळी झाली, म्हणून संक्रांतीला त्यांनीच मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं.

सर मला म्हणाले, "तू कामून आलीस? पोळा आलाय जवळ." आवाज जेमतेम फुटत होता. "मला काही न्हाई झालं. काही घेत न्हाई म्या."

मी काकूंकडे पाहिलं नाही. मुलांना चहाला पाठवलं, मोठा जाईना तर दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटलं. मग एक स्टूल ओढलं आणि पलंगाकडे, काकूंकडे, दोघांकडेही पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. समजा नाहीच ठेवलं तर? समजा मी चुकले असेन तर?

"सर, भांडं ठेवा," मी म्हणाले. "मी बघत नाही."

भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, परत वाचलं. मागं कुणी हललं नाही. दंडाला बांधलेला बीपीचा पट्टा आपोआप फुगला, सैल झाला, यंत्र टीं टीं करत राहिलं.

मग बांगड्या वाजल्या. दोनच असतील, जुन्या, काचेच्या, दुसऱ्या हातानं धरलेल्या.

आणि सर खोकायला लागले. त्यांच्यात आवाज काढायचंही बळ नव्हतं. प्रत्येक खोकल्याला पलंग हलत होता, पोटातली जखम ओढली जात असणार. मला ओरडून सांगावंसं वाटलं की सर, बास, मला काही ऐकू येत नाही. पण मी भिंतीकडे बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं. ते खोकत राहिले, पिशवीची चेन परत लागेपर्यंत.

वळले तेव्हा पलंगाशेजारच्या कपाटावर एक तंबाखूची डबी होती. आत कागदाच्या बारक्या पुड्या, एकावर एक रचलेल्या. काकू स्टुलावर होत्या तिथंच होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या.

डॉक्टरनं एक पुडी उघडून वास घेतला. रोज किती, किती महिने, त्यानं विचारलं. डबीत या बाजारापासून पुढच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत पुरतील एवढ्या पुड्या होत्या आणि काकूंचे गुडघे संक्रांतीच्या आधी बरे झाले होते, त्यावरून मी हिशेब सांगितला. मग त्यानं विचारलं, कुणी दिल्या.

"ते मी बघितलं नाही," मी म्हणाले. "आणि काकूंचंही बीपी तपासा. दगदग झाली आहे त्यांना. काहीही बंद करायला सांगायच्या आधी तपासा." त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि इंजेक्शन भरायला गेला.

चार वाजता बीपी वर आलं. मी पायथ्याशी बसले होते. सरांनी डोळे उघडले, आधी काकू कुठं आहेत ते बघितलं, मग मला.

"तुझा कान कुठं व्हता गं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीला, सर."

त्यांनी डोळे मिटले. पांघरुणाखालून एक हात हळूच बाहेर आला आणि शेजारी बसलेल्या काकूंच्या बांगड्यांवर जाऊन थांबला.